आकडा उतरला, पण आई जेवत नाही

प्रश्न : माझ्या आईला (वय ५८) दीड वर्षापूर्वी पेम्फिगस व्हल्गारिस (प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटून फोड येतात तो आजार) झाल्याचं कळलं. सुरुवातीला पाठीवर, छातीवर, तोंडात सगळीकडे फोड होते. तेव्हा डॉक्टरांनी पीडीएआय स्कोअर ४१ लिहिला होता, आता ९ आलाय. डॉक्टर म्हणतात छान चाललंय, आणि अंगावरचं खरंच सगळं भरलंय, फक्त काळे डाग राहिलेत. पण आई धड जेवत नाही, कुणी घरी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसते आणि परवा मला म्हणाली, "तुमचा तो नऊ तुमच्याकडेच ठेवा." नक्की कोण चुकतंय?

उत्तर : कोणीच नाही. डॉक्टरांचा नऊ बरोबर आहे आणि आईचं म्हणणंही बरोबर आहे, दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत एवढंच.

पीडीएआय म्हणजे आज शरीरावर आजार किती जागता आहे त्याचा हिशेब. त्वचेच्या बारा जागा ठरलेल्या आहेत, कान, नाक, बाकी चेहरा, मान, छाती, पोट असं करत पायापर्यंत, आणि प्रत्येक जागेला ० ते १० गुण. समजा पाठीवर चार छोट्या जखमा आहेत आणि एकही ६ सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही, तर पाठीचे ३ गुण. त्यातली एखादी सहाच्या वर गेली की ५. असे त्वचेचे १२०, डोक्याच्या त्वचेचे १०, आणि तोंड, डोळे, नाक, घसा, गुप्तांग अशा आतल्या नाजूक त्वचेच्या बारा जागांचे परत १२०. झाले २५०. शिवाय जखम भरल्यावर जो डाग राहतो त्याचे १३ गुण आहेत पण ते वेगळ्या खान्यात, कारण डाग म्हणजे होऊन गेलेलं, त्यासाठी कोणी स्टिरॉइड वाढवत नाही. हे डॉक्टरांनी आईला एकदा समोर बसवून सांगायला हवं होतं, कारण पेशंट आरशात डाग बघतो आणि त्याला वाटतं अजून सगळं तसंच आहे.

आता तुमचा नऊ कुठून आला ते बघा. अंगावर काही नाही म्हणताय, म्हणजे तो बहुतेक सगळा तोंडातला असणार. गालाच्या आतून तीनपेक्षा जास्त जखमा, ५ गुण. खालच्या हिरडीवर दोन, २ गुण. मऊ टाळूवर दोन, अजून २. झाले नऊ. अडीचशेत नऊ म्हणजे कागदावर काहीच नाही, पंधरापर्यंत आपण सौम्यच म्हणतो. पण हे नऊ पाठीवर असते तर आई सदरा घालून फिरली असती, तोंडात आहेत म्हणून प्रत्येक घासाला आहेत! माझ्या मते या स्कोअरची हीच मोठी गोची आहे, जखमा कुठे किती ते तो नीट सांगतो पण त्या जागेवर जगायला किती त्रास होतो हे त्याला विचारताच येत नाही.

एबसिस नावाचा दुसरा एक स्कोअर आहे, एकूण २०६ गुणांचा, तो २००७ साली आला. त्यात तोंडासाठी एक मस्त युक्ती आहे. नऊ खाद्यपदार्थांची चढती शिडी, पाण्याचा १ गुण, सूपचा २, दह्याचा ३ असं करत साध्या मऊ ब्रेडचा ७, कच्च्या सफरचंदाचा ८ आणि जाड कडक ब्रेडचा ९. खाताना नेहमी दुखतं किंवा रक्त येतं तर पूर्ण गुण, कधीकधी असेल तर निम्मे, नसेल तर शून्य. आईला कडक ब्रेड आणि सफरचंद नेहमी दुखत असेल आणि मऊ ब्रेड कधीकधी, तर ९ अधिक ८ अधिक साडेतीन, म्हणजे ४५ पैकी साडेवीस. हीच आई, हेच तोंड, आणि आकडा एकदम लहान वाटेनासा झाला ना?

आणि मग तिसरी गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते, जगण्याचा दर्जा. त्वचेच्या सगळ्या आजारांसाठी १९९४ पासून डीएलक्यूआय वापरतात, दहा प्रश्न, ३० गुण, मागच्या आठवड्याबद्दल. चांगला आहे पण त्यात तोंडाबद्दल एकही प्रश्न नाही, कपडे, खेळ, बाहेर जाणं हे सगळं आहे, जेवण नाही. म्हणून फोडांच्या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते अशा, आजारांसाठी २०१३ मध्ये वेगळी प्रश्नावली आली, एबीक्यूओएल. सतरा प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण ५१. तोंडातल्या जखमा दुखतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, आंघोळ करायला त्रास होतो का, दिसण्याची लाज वाटते का, घरच्यांना आपला कंटाळा आला असेल असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नावर बरेच पेशंट जरा थांबतात, आणि शेजारी नातेवाईक बसलेले असतील तर खरं सांगत नाहीत, म्हणून ती आईला एकटीला भरू द्या. औषधांचाच त्रास मोजणारी टीएबीक्यूओएल नावाची जोड प्रश्नावलीही आहे, तिचेही ५१. स्टिरॉइडने चेहरा सुजला, झोप उडाली, हे आजाराच्या स्कोअरमध्ये कधीच दिसणार नाही, उलट औषध जास्त तर तो स्कोअर अजून सुंदर.

पुढच्या फॉलोअपला काय खाता येतं, काय नाही याची आठ दिवसांची यादी घेऊन जा आणि एबीक्यूओएल प्रश्नावली भरायला मागा. तोंडातल्या जखमांवर लावायची, चूळ भरायची औषधं असतात, त्यासाठी पोटातल्या गोळ्या वाढवाव्याच लागतात असं नाही. आणि लोक आले की आत जाऊन बसणं हेही डॉक्टरांना सांगा, ते "स्वभाव" म्हणून सोडू नका.

प्रश्न : वडिलांना (वय ७९) बुलस पेम्फिगॉइड (फोडांचाच दुसरा ऑटोइम्यून आजार) आहे. फोड जवळपास गेलेत पण रात्रभर खाजवतात, त्यांना आणि आम्हाला झोप नाही. तरी आजार आटोक्यात आहे म्हणतात. खाज मोजतच नाहीत का?

उत्तर : मोजतात की. या आजाराचा स्कोअर वेगळा आहे, बीपीडीएआय. त्यात फोड आणि जखमांचे गुण एकीकडे, लाल चट्टे आणि गांध्यांचे दुसरीकडे, कारण पेम्फिगॉइडमध्ये नुसत्या गांध्या आणि खाज असं पण चालतं, कित्येकांना तर फोड यायच्या आधी कित्येक आठवडे फक्त खाज असते. खाजेचे वेगळे ३० गुण, गेले चोवीस तास, गेला आठवडा आणि गेला महिना, प्रत्येकी शून्य ते दहा. वडिलांना नीट सांगता येत नसेल तर अंगावरचे ओरखडे बघूनही अंदाज घेतात. त्यामुळे "फोड नाहीत" एवढ्यावर थांबू नका, खाजेचा आकडा लिहून घ्या म्हणा. वाढत असेल तर ती आजार परत डोकं वर काढत असल्याची खूणही असू शकते.

प्रश्न : पेम्फिगस बरा झाला म्हणाले होते, स्टिरॉइडची गोळी १० मिलिग्रॅमवर आहे. काल दोन नवीन फोड दिसले. उलटला का?

उत्तर : लगेच नाही म्हणता येणार. उलटला असं कधी म्हणायचं ते ठरलेलं आहे, महिन्याभरात तीन किंवा जास्त नवीन फोड आणि ते आठवड्याच्या आत आपोआप न भरणं, किंवा जुनी जखम पसरत जाणं. दोन आले आणि पाच दिवसांत सुकले तर ते येऊन गेलेले फोड. तारीख टाकून फोटो काढा, शेजारी पट्टी धरून म्हणजे माप कळेल, आणि डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र मनाने वाढवू पण नका, बंद पण करू नका.