सातवीतल्या मुलीला जगाचा इतिहास वाचायला कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी मराठी मिडियमला आहे, गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडते पण इतिहास म्हटलं की सनावळ्या नको म्हणून पळते. माझं म्हणाल तर फोटोवाले जाडजूड ज्ञानकोश आत्ता घेऊ नका, ते चाळून बाजूला पडतात. एखादा माणूस समोर बसवून सांगतोय असं वाटणारं पुस्तक द्या.

पहिलं नेहरूंनी इंदिरेला लिहिलेल्या पत्रांचं. १९२८ च्या उन्हाळ्यात ती दहा वर्षांची, मसुरीला होती तेव्हाची पत्रं, आणि सुरुवात राजांपासून नाहीच, नदीतल्या गोट्यापासून आहे, की हा गुळगुळीत कसा झाला, मग पृथ्वी, मग पहिले जीव, माणूस, भाषा. इंग्रजी जड वाटलं तर प्रेमचंदांनी हिंदीत केलंय, सातवीतल्या पोरीला जमतं.

मग इतिहासकार गोम्ब्रिख यांचं 'अ लिटल हिस्टरी ऑफ द वर्ल्ड'. १९३५ साली व्हिएन्नात तरुण वयात सहा आठवड्यांत लिहिलं, नाझींनी बंदी घातली कारण त्यांना ते फार शांततावादी वाटलं. यात भारत फार थोडा येतो आणि युरोप भरपूर, हे आधीच सांगून ठेवा. पण मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते नंतरच्या आवृत्तीतलं शेवटचं प्रकरण, तिथं ते स्वतःच सांगतात की पहिल्या महायुद्धाच्या शेवटाबद्दल मी लिहिलेलं बरोबर नव्हतं. इतिहास लिहिणारा माणूस परत तपासून बघतो हे मुलांना दुसरीकडं कुठं बघायला मिळतं?

आणि पुस्तकासोबत कोल्हापूर दाखवा, हे मी फार मनापासून सांगतोय. रोमचं प्रकरण झालं की टाऊन हॉल म्युझियमला न्या, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथं आहे, ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी, म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्याकडचा व्यापार कुठवर पोचला होता बघा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत आलात की कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव. स्टालिनच्या काळात पोलंडच्या कुटुंबांना घरातून उचलून सायबेरियात नेलं, तिथून सुटून इराणमार्गे येत येत त्यातली पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरंच, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या कँपात राहिली, नंतर त्याच जागी फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं वसली आणि गांधीनगर झालं, जिथं आपण लग्नाचे कपडे घ्यायला जातो. एवढं कळलं की पोरगी स्वतःच विचारते पोलंड नकाशात कुठाय, म्हणून एक ॲटलास हाताशी असू द्या, शाळेचा चालतो.

फक्त गोम्ब्रिखचं ते शेवटचं प्रकरण तिला एकटीला वाचायला देऊ नका. ज्यूंच्या कत्तलीचं त्यात येतं, शेजारी बसा आणि ती जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्या.