शेत राखायचं तर किंमत कोण मोजणार?

प्रश्न: मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका, इंदूरच्या रामबागेत राहते. देपालपूर रस्त्यावर वडिलांची दीड हेक्टर जमीन आहे, भाऊ आणि मी निम्म्याचे वाटेकरी. ठेक्याचे वर्षाला ९० हजार येतात. एक कॉलोनायझर (प्लॉट पाडून कॉलनी वसवणारा) १ कोटी ८० लाख देतोय आणि भावाला विकायचीच आहे. मुलगा पेन्सिल्व्हेनियात असतो. तो म्हणतो, तिकडे शेत शेतच ठेवलं तर काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) पैसे देते, आपल्याकडेही असं काही येईल, थांब. माझी पेन्शन ४१ हजार, खर्च ३५ हजार, एफडी १४ लाख. जमीन विकायचं मन होत नाही. काय करू?

उत्तर: ताई, मुलगा सांगतो ते खरं आहे. त्याच्या भरवशावर मात्र थांबू नका.

पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत अशी एक लाख एकरांहून जास्त जमीन कायमची राखली गेली आहे. हिशोब सोपा आहे. जमिनीचा बाजारभाव काढायचा, निव्वळ शेती म्हणून तिची किंमत काढायची आणि मधला फरक शेतकऱ्याला द्यायचा. मालकी त्याचीच राहते. तो जमीन कसतो, हवी तर विकतोही. फक्त तिथे घरं बांधायचा हक्क संपतो, आणि तो पुढच्या प्रत्येक मालकासाठीही संपतो. जबरदस्ती कुणावर नाही. उलट अर्ज जास्त येतात आणि मातीची प्रत वगैरे बघून क्रम लावला जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने हा प्रकार १९७४ सालीच सुरू केला. कॅलिफोर्नियात १९६५ पासून वेगळी तऱ्हा आहे: शेतकरी काउंटीशी किमान दहा वर्षांचा करार करतो आणि त्या बदल्यात जमिनीवरचा कर कमी भरतो.

आपल्याकडे असा हक्क विकत घेणारं कुणी नाही. मास्टर प्लॅनमध्ये जमीन 'कृषी' दाखवली तर ती नुसती मनाई असते. तिचा मोबदला मिळत नाही, आणि प्लॅन बदलला की तीही जाते. राजीखुशीच्या योजना आहेत, पण उलट्या दिशेच्या. इंदूर-पीथमपूर कॉरिडॉरमध्ये सरकारला जमीन दिली की तिच्या ६० टक्क्यांइतके विकसित भूखंड परत मिळतात. त्यात शेत उरत नाही.

म्हणजे तो मधला फरक तुम्ही स्वतःच्या खिशातून भरणार आहात. किती, ते बघू. तुमचा वाटा ९० लाखांचा. सात टक्के व्याजाने वर्षाला ६ लाख ३० हजार झाले, ठेक्याचे मिळतात ४५ हजार. शेत राखायचा खर्च वर्षाला जवळपास पावणेसहा-सहा लाख, आणि तुमची अख्खी पेन्शन वर्षाला पाच लाखही होत नाही.

यावर सगळे एकच उत्तर देतात: "अहो, पण जमिनीचा भाव वाढतोय ना!" वाढू दे. पण तुम्ही तर कधी विकणारच नाही म्हणता. मग ती वाढ तुमच्या काय कामाची? भाव वाढेल म्हणून ठेवायची असेल तर ती गुंतवणूक झाली, तिला गुंतवणुकीचेच प्रश्न विचारू. वडिलांचं शेत म्हणून ठेवायची असेल तर तो खर्च आहे, तीर्थयात्रेसारखा, आणि झेपेल तेवढाच करावा. आमच्या मामांनी दोन्ही कारणं एकदम धरून ठेवली. तीस वर्षं ना धड शेती झाली ना विक्री.

माझं मत: आधी तहसीलमध्ये रीतसर बटवारा करून घ्या. तुमच्या पाऊण हेक्टरातलं अर्धा हेक्टर विका आणि पाव हेक्टर ठेवा. साठ लाख हातात येतील. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील. बाकीचे एफडी आणि थोडे म्युच्युअल फंडात. राखलेल्या तुकड्याचा खर्च वर्षाला १ लाख ९५ हजारांच्या आसपास पडतो, तो तुम्हाला झेपेल. हो, कॉलोनायझरला अख्खा तुकडा हवा असेल, तो भाव पाडेल. पाच-सात टक्के पाडले तरी चालेल. त्याहून जास्त म्हणाला तर दुसरा बघा.

करात एक मेख आहे. शेतजमीन 'ग्रामीण' ठरली तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. इंदूरसारख्या दहा लाखांवरच्या शहराच्या हद्दीपासून ती ८ किलोमीटरच्या बाहेर हवी, आणि हे अंतर सरळ रेषेत मोजतात. तुमचं शेत गाडीच्या मीटरवर ११ किलोमीटर असेल आणि नकाशावर साडेसातच भरेल. मग १२.५ टक्के कर आला. देपालपूरच्या हद्दीपासूनचं अंतरही तपासा, तिथे दोन किलोमीटरचा नियम आहे. सीएकडून लेखी घेतल्याशिवाय बयाणा घेऊ नका. आणि "थोडे रोख घ्या" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. घेतलेल्या रोखीइतकाच दंड बसू शकतो.

मुलाचं राहिलं. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. म्हणून पाव हेक्टर मृत्युपत्रात त्याच्या नावे लिहा, आज देऊन टाकू नका.

एक काळजी मला खरी वाटते. चहूबाजूंनी कॉलनी उभी राहिली तर मधल्या तुकड्यावर ठेक्याने यायलाही कुणी तयार होत नाही. पेन्सिल्व्हेनियात याच कारणासाठी शेजारी शेतकरी मिळून शेतीचा पट्टा आधी नोंदवतात, तो किमान ५०० एकरांचा झाला की मग हक्कविक्रीचं बोलणं. तुम्हाला तसा पट्टा कुणी करून देणार नाही. म्हणून बटवाऱ्याआधी पलीकडच्या शेजाऱ्यांना विचारा, पुढची दहा वर्षं त्यांचा विकायचा विचार आहे का. ते टिकणार असतील तर तुमचा तुकडा त्यांच्या बाजूचा घ्या, विहीर आणि गाडीवाट त्यातच येईल असा, आणि वाटेचा हक्क कागदावर लिहून घ्या. ते उद्या विकणार असतील तर ताई, पाव हेक्टरसुद्धा ठेवू नका.