पायलट झाला, मग घरी पैसे का येत नाहीत?

"मॅडम, मुलगा पायलट झाला. आठ महिने झाले. घरी एक रुपया आला नाही. वाईट संगतीला तर लागला नसेल ना?"

साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोर बसून ताईंनी हे विचारलं, तेव्हा आवाज इतका खाली आणला होता की मला पंखा बंद करावा लागला. पर्समधून त्यांनी दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'ओंकारचे शिक्षण', आणि पुढे सहा वर्षांचा हिशोब. १५ गुंठे विकले त्याची तारीख. बँकेचा हप्ता. आण्णांची, म्हणजे ओंकारच्या वडिलांची, ग्रॅच्युइटी. मामाचे ५ लाख. जमेच्या बाजूला मात्र पानंच्या पानं कोरी.

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ओंकारच्या घरची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.)

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी येतो. कधी आई विचारते, कधी भाऊ, कधी मुलगा स्वतः. पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाखांचा पगार येतो, आणि तो पगार गणवेश अंगावर चढला त्या दिवसापासून सुरू होतो असं सगळे धरून चालतात. मधला काळ कोणाला माहीतच नसतो. मी ताईंना एवढंच म्हटलं, "संगतीचं नंतर बघू. आधी त्याचं नेमणुकीचं पत्र बघितलंय का?"

"बघितलंय की. आण्णांनी लॅमिनेट करून ठेवलंय. इंग्रजीत आहे."

ओंकार त्या वेळी गुरुग्रामला होता, एका खोलीत तिघं असे. पहिल्यांदा फोनवर बोलला तेव्हा नमस्कार झाल्याझाल्या त्यानं विचारलं, "मॅडम, हे माझ्या मेडिकलच्या फाइलला जाणार नाही ना?" ही भीती मी या मुलांत नेहमी पाहते. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची आरोग्य तपासणी, दर वर्षी द्यावं लागतं, त्यावर लायसन्स टिकतं, आणि मनातलं काही बोललो की आपण अनफिट ठरू असं त्यांना वाटतं. मी त्याला सांगितलं की पैशांची ओढाताण आणि जागरण यांबद्दल बोलणं हा काही आजार नाही. औषध लागण्यासारखं काही निघालं तर ते डीजीसीएच्या, म्हणजे वैमानिकांना लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, डॉक्टरांपासून लपवायचं नाही, आणि कोणाला न विचारता झोपेची गोळी अजिबात घ्यायची नाही. मग तो बोलायला लागला तो तासभर थांबला नाही.

२०१८ ला तो फ्लाइंग स्कूलला गेला. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. ते दीड-दोन वर्षांत व्हायचं, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विमानं जमिनीवरच राहिली आणि लायसन्स हातात यायला २०२१ संपत आलं. त्यानंतर नोकरीची वाट. या वाट पाहण्याचेही पैसे लागतात हे बाहेर कोणाला कळत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर विमान चालवण्याची परवानगी) चालू ठेवायचं, मेडिकल करायचं, परीक्षांना दिल्ली-मुंबई करायचं. आण्णांकडे आणखी कुठल्या तोंडानं मागायचे म्हणून त्यानं हे सगळं क्रेडिट कार्डावर टाकलं. २०२३ मध्ये निवड झाली, तेव्हा टाइप रेटिंगचे, म्हणजे कंपनीच्या ठरावीक प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचे, १६ लाख भरायचे होते. ११ ग्रॅच्युइटीतले, ५ मामांचे. कार्डावरचे २ लाख १० हजार घरी कोणालाच माहीत नव्हते.

आता त्याला कंपनीकडून महिन्याला ३५ हजार हातात मिळत होते. राहणं, जेवण आणि सिम्युलेटरपर्यंत (विमानाची हुबेहूब नक्कल करणारं सरावाचं यंत्र) जाण्यायेण्यात २४-२५ हजार जायचे. उरलेले कार्डाच्या व्याजात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ७ हजारांच्या वर, आणि मुद्दल तसंच. ते फेडायला तो रात्री दहा ते साडेबारा डीजीसीएच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ऑनलाइन हवामानशास्त्र शिकवायचा.

"आणि सिम्युलेटर कधी असतं?"

"कधीही. मशीन चोवीस तास चालतं, मॅडम. परवा पहाटे चारचा स्लॉट होता."

त्या परवाच्या स्लॉटला टेकऑफच्या वेळी एक इंजिन बंद पडल्याचा सराव होता. त्याचा पाय विमान सरळ धरणाऱ्या रडरवर उशिरा गेला. इन्स्ट्रक्टरनं जादा सेशन लिहिलं आणि विचारलं, "झोपला होतास का?" तो "हो" म्हणाला. हे मला सांगताना त्याचा आवाज फुटला.

इथे मी समुपदेशकाची नेहमीची मऊ भाषा बाजूला ठेवली आणि शिकवणी त्याच आठवड्यात बंद करायला सांगितली. यामागे कारण आहे. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान पडलं, जमिनीवरच्या एका माणसासह ५० जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्या, पण त्याच सुनावणीत तरुण सहवैमानिकेच्या तुटपुंज्या पगाराचीही चर्चा झाली. नोकरी नेवार्कला, राहणं आईवडिलांकडे सिएटलला, आणि आदली रात्र देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानांतून प्रवास करण्यात गेलेली. कमी पगार थेट विमान पाडत नाही. तो आधी झोप खातो. ओंकारला ही घटना माझ्यापेक्षा जास्त बारकाव्यानिशी माहीत होती, त्यांच्या अभ्यासातच असते ती. तरी आपण त्याच वाटेनं चाललोय हे त्याला स्वतःला दिसलं नव्हतं.

दिवाळीला तो चार दिवस घरी आला. आई, आण्णा, धाकटी बहीण आणि तो, असे चौघं माझ्याकडे आले. आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. खुर्चीत ताठ बसले होते, मुलाकडे बघत नव्हते. मी ओंकारला ते लॅमिनेट केलेलं पत्र मराठीत, एकेक ओळ वाचायला सांगितलं.

पत्रात पैशांचे दोन आकडे होते, आधी स्टायपेंडचा, मग पगाराचा. घरानं इतके महिने फक्त दुसरा आकडा धरला होता, लाखाच्या वरचा. त्याच्या आधीची ओळ ओंकारनं अडखळत वाचली: "लाइन ट्रेनिंग यशस्वीपणे पूर्ण करून रिलीज झाल्याच्या तारखेपासून."

"म्हणजे तू अजून नोकरीला लागलेला नाहीस?" आण्णांनी विचारलं.

"लागलोय, आण्णा. पण शिकाऊ आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं, आणि इतकं छान सांगितलं की मी मध्ये बोलले नाही. आधी वर्गातलं शिक्षण, मग सिम्युलेटर, मग रिकाम्या विमानात टेकऑफ-लँडिंग. त्यानंतर प्रवासी असलेल्या विमानात शिकवणाऱ्या कॅप्टनशेजारी बसून ठरलेले सेक्टर, म्हणजे एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतच्या फेऱ्या, करायचे, आणि सुरुवातीच्या सेक्टरांना मागे तिसरा वैमानिक सुरक्षेसाठी बसतो. म्हणजे एका खुर्चीच्या कामासाठी कंपनी दोन माणसं बसवते, त्यामुळे तेवढ्या काळात शिकाऊला स्टायपेंडच मिळतो. शिवाय वैमानिकाच्या पगारातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, आणि तो भाग रिलीजनंतरच, म्हणजे कंपनीनं प्रशिक्षण पूर्ण झालं असं ठरवल्यावरच, सुरू होतो. शिकवणारे कॅप्टन मोजके, सिम्युलेटर मोजके, नवीन विमानं वेळेवर येतीलच असं नाही. रांग लागते.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे शिक्षणसेवक यायचे तसंच आहे हे."

मला हे सुचलं नव्हतं. महाराष्ट्रात २००० साली ही योजना आली. नवीन शिक्षकानं तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं, मगच पूर्ण वेतनश्रेणी. प्राथमिकला सुरुवातीला ते मानधन ३ हजार होतं. २०२३ मध्ये १६ हजार झालं. आण्णा सांगत होते, "पोरं लातूर-नांदेडहून यायची. तीन हजारात खोली करून राहायची. मुलींचे बाप म्हणायचे, शिक्षक आहे ना, मग एवढी ओढाताण कशी? मी त्यांना कधी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत." एवढं बोलून त्यांनी पहिल्यांदा ओंकारकडे बघितलं. "आणि तुला मी फोनवर काय काय बोललो."

ओंकारनं कार्डाचं तिथेच सांगितलं. ताईंनी वही उघडून २,१०,००० आकडा लिहिला, पेन थोडं थरथरलं, पण लिहिला.

एक फरक मात्र मी त्यांच्यासमोर मांडला, आणि इथेही मांडते. शिक्षणसेवकाची तीन वर्षं कधी संपणार हे पहिल्या दिवशी ठाऊक असतं. शिकाऊ वैमानिकाला ती तारीख कोणी देत नाही. वर शिक्षणाचा सगळा खर्च घराचा. मला हे अन्यायाचं वाटतं. विमानाची ऑर्डर देताना कंपनीला पाच वर्षांनंतरचे वैमानिक लागणार हे कळतं, तर त्यांच्या प्रशिक्षणाच्या प्रतीक्षेचा भार २३-२४ वर्षांच्या मुलानं आणि त्याच्या बापाच्या ग्रॅच्युइटीनं का उचलायचा? ब्रिटिश एअरवेजनं २०२३ मध्ये आपल्या खर्चानं नवोदितांना वैमानिक करण्याची योजना जाहीर केली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. आपल्याकडे ते होईपर्यंत घरांना मात्र आपापला मेळ बसवावा लागणार.

या घराचा मेळ आम्ही असा बसवला. बँकेचं कर्ज व्याजासकट ३८ लाखांवर गेलं होतं, अकरा टक्क्यांनी बारा वर्षांचा हप्ता साडेसत्तेचाळीस हजार. आण्णांचं पेन्शन त्याहून कमी, म्हणून दर महिन्याला एफडी मोडली जात होती. इंडियन बँक्स असोसिएशनच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत, नोकरी नसताना किंवा उत्पन्न कमी असताना हप्ता काही महिने पुढे ढकलण्याची आणि सुरुवातीचे हप्ते लहान ठेवण्याची सोय सुचवलेली आहे. पण आपण होऊन कोणी ती सांगत नाही. हप्ते थकायच्या आधी, कंपनीचं प्रशिक्षणाचं पत्र जोडून लेखी अर्ज द्यावा लागतो. आण्णांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. मॅनेजरनी दोन चकरा मारायला लावल्या, शेवटी सहा महिने फक्त व्याज भरायचं ठरलं, ३५ हजारांच्या आत. कार्डाचे पैसे मात्र एफडी मोडून एकरकमी फेडले. सात टक्के मिळवून देणारी ठेव जपत महिन्याला साडेतीन टक्के भरत राहणं यासारखा तोटा नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते मामांकडे जाणं. ताई आठ महिने भावाचा फोन टाळत होत्या. मी त्यांना पत्र बरोबर न्यायला सांगितलं. मामा आधी चिडले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" आणि त्यांचं बरोबरच होतं. अजूनही ते पूर्वीसारखे येत-जात नाहीत. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, त्याला वेळच जाईल. बहिणीचं लग्न पुढे ढकलायचा विषय निघाला, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "मला विचारलंय का कोणी? मला एम.एस्सी. पूर्ण करायचंय."

ज्या घरात आता हा विचार चालू असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैसे भरायच्या आधी क्लास वन मेडिकल करून घ्या, लायसन्सनंतर ते हुकलं तर सगळंच थांबतं. कंपनीनं निवडलं की पगार किती एवढंच विचारून थांबू नका. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, त्या काळात स्टायपेंड आहे की नाही, मागच्या बॅचला रिलीज व्हायला किती महिने लागले, जादा सेशन लागलं तर पैसे कोण भरणार, नोकरी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा, हे सगळं विचारा. मागच्या बॅचची मुलं खरं सांगतात, त्यांना गाठा. फ्लाइंग स्कूलच्या बजेटशेजारी आणखी दीड-दोन वर्षांचा घरखर्च लिहा. आणि शेजारीपाजारी पेढे वाटताना 'लागला' असं म्हणू नका, 'शिकतोय' म्हणा. त्या एका शब्दानं मुलाच्या पाठीवरचं बरंच ओझं उतरतं.

ओंकार अजून रिलीज झालेला नाही. जादा सेशन नीट पार पडलं, रिकाम्या विमानातली लँडिंग झाली, आता सेक्टर मोजणं चालू आहे. ताईंच्या वहीत जमेच्या कोऱ्या पानावर आता पैशांऐवजी सेक्टरचे आकडे येतात.

मागच्या महिन्यात त्याच्या बहिणीचा फोन आला. तो दोन दिवस घरी आला होता. ही मुलं कॉकपिटचा पूर्ण आकाराचा कागदी फोटो भिंतीला लावून, त्यासमोर बसून हात फिरवत सराव करतात. त्यानं तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवला आणि दोन स्टुलं मांडली. उजव्या स्टुलावर तो. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या स्टुलावर चष्मा लावून आण्णा, हातात चेकलिस्ट, हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात.

"विंडोज, डोअर्स?"

"क्लोज्ड."

"बीकन?"

"ऑन."

"मोठ्यानं," आण्णा म्हणाले, "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."