डाकीण म्हणावं की डाकिनी?

शहाद्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या भागात एखाद्या बाईला डाकीण म्हटलं की तिचं गावात राहणं अवघड होतं. नवरात्रात घरी देवीकवच म्हणतात, त्यातही डाकिनी येते. तिबेटी बौद्ध चित्रांत तर डाकिनी पूजनीय असते. हे शब्द एकच का? आणि लिहावं कसं?"

मूळ शब्द एकच, संस्कृत डाकिनी. पण मराठीत आज त्याची दोन रूपं दोन वेगळी कामं करतात, आणि ती वेगळीच राहू द्यावीत असं मला ठामपणे वाटतं.

आधी रूपाचं पाहू. प्राकृतात दोन स्वरांमधला क गळतो. त्यामुळे डाकिनीचं डाइणी झालं आणि पुढे हिंदीत डायन. या वाटेने आला असता तर मराठी शब्दातही क उरला नसता. तो उरला याचं कारण, माझ्या मते, पोथ्यापुराणांतून संस्कृत रूप लोकांच्या कानावर पडतच राहिलं. कोकिलाचंही तसंच: हिंदीत कोयल, मराठीत कोकीळ. गुजरातीत डाकण आहे, आणि नवापूरपासून अक्कलकुव्यापर्यंत गुजरातची हद्द लागलेली असल्याने नंदुरबारकडे दोन्ही उच्चार कानावर येतात. अहिराणीत पाणीचं पानी होतं, त्याच चालीने डाकीणचं डाकीन. टपालाच्या डाकेशी या शब्दाचा संबंध नाही.

अर्थाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. पुराणांत डाकिनी ही कालीच्या परिवारातली, कच्चं मांस खाणारी. आदि शंकराचार्यांच्या नावावरच्या द्वादश ज्योतिर्लिंग स्तोत्रात भीमाशंकराचं वर्णन "यं डाकिनिशाकिनिकासमाजैः निषेव्यमाणं पिशिताशनैश्च" असं आहे, म्हणजे डाकिनी-शाकिनींचे समुदाय आणि मांसभक्षक ज्याची सेवा करतात तो. पाठांतरातल्या छोट्या स्तोत्रात तर "डाकिन्यां भीमशङ्करम्" असं ठिकाणाचंच नाव येतं. देवीकवचातली ओळ आणखी महत्त्वाची: "अन्तरिक्षचरा घोरा डाकिन्यश्च महाबलाः". कवच म्हणणारा त्यांच्यापासून रक्षण मागतो, तरी त्यांना अंतरिक्षात फिरणाऱ्या आणि महाबळाच्या म्हणतो.

हे आकाशात फिरणं तंत्रमार्गाने उचलून धरलं. डाकिनीचा संबंध टीकाकार 'डी' म्हणजे उडणे या धातूशी जोडतात, उड्डाण शब्दातला तोच. तिबेटीत तिला खंद्रोमा म्हणतात, अर्थ आकाशात संचार करणारी. वज्रयान बौद्धांच्या दृष्टीने हे आकाश म्हणजे शून्यता. तिच्या हातात कर्तरी म्हणजे वाकडी सुरी आणि कवटीचं पात्र असतं, अंगावर हाडांचे दागिने असतात. पण ती माणसाला खात नाही, त्याचा अहंकार कापते. हिंदू तंत्रात ती मूलाधार या शरीरातल्या सर्वांत खालच्या चक्राची देवी आहे. तिथून वर राकिणी, लाकिनी, काकिनी, शाकिनी, हाकिनी अशी रांग लागते. ड, र, ल, क, श, ह एवढंच बदलतं, बाकी नाव तेच. तंत्रात अक्षर हेच देवतेचं बीज, त्यामुळे ही रांग नुसती यमकं जुळवलेली नाही.

नारोपाची कथा इथे सांगितलीच पाहिजे. अकराव्या शतकातला हा नालंदेचा मोठा पंडित ग्रंथ वाचत बसला असता एक कुरूप म्हातारी समोर आली. तिने विचारलं, शब्द कळतात की अर्थ? शब्द कळतात, असं तो म्हणाला तेव्हा ती आनंदाने हसली. अर्थही कळतो म्हणताच रडू लागली, कारण आता तो खोटं बोलला होता. परंपरा सांगते की ती म्हातारी डाकिनी होती, आणि तिच्याच सांगण्यावरून तो आपला गुरू तिलोपा याच्या शोधात निघाला.

त्या म्हातारीपासून सातपुड्यापर्यंत आलं की मन विषण्ण होतं. कारण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ज्यांना डाकीण ठरवलं जातं त्यांत एकट्या, वयस्क, विधवा बायका असतात. लेकरू आजारी पडलं, म्हैस आटली, की कुणीतरी भगताकडे जातं आणि तो एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. इथे एक बारकावा शब्दकोशांत हरवतो. हडळ किंवा जखीण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेलेल्या बाईचं भूत येतं. महाराष्ट्रात इतरत्र डाकीणही त्याच ओळीत बसवतात. सातपुड्यात मात्र डाकीण म्हणजे जिवंत शेजारीण. भुताला उतारा टाकून वाटेला लावता येतं. शेजारणीवर दगड पडतात, तिचं घर जळतं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवणं हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

आता लिहिण्याचं. तंत्र, बौद्ध मूर्तिशास्त्र, चक्रं यांविषयी लिहिताना डाकिनी लिहावं. सामान्यरूप डाकिनीला, डाकिनीने. लोकसमजुतीविषयी लिहिताना डाकीण. वाघीण-वाघिणीने या चालीवर डाकिणीला, डाकिणीने, ऱ्हस्व कि. वज्रयोगिनी या बौद्ध देवतेला डाकीण म्हणणं चूक. त्याच न्यायाने डाकीण प्रथेच्या बातमीत डाकिनी लिहिल्याने काही सभ्य होत नाही, उलट त्या छळाला पोथीचा आधार असल्यासारखं वाटू लागतं.

आणि खऱ्या बाईविषयी लिहिताना यातलं कुठलंच रूप तिचं विशेषण म्हणून वापरू नये. "डाकीण असल्याच्या संशयावरून वृद्धेला मारहाण" हा मथळा आपण नेहमी वाचतो. त्यात 'असल्याच्या' हा शब्द घातक आहे. डाकीण असते, फक्त हीच ती की नाही एवढाच प्रश्न उरलाय, असं तो सुचवतो. "डाकीण ठरवून वृद्धेला मारहाण" असं लिहावं. ठरवणारे कोण, हा प्रश्न मग बातमीदाराला टाळता येत नाही.