विचारा तर खरं : मामाचा जीपीएस आणि टेबलावरचं विमान

प्रश्न : सर, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. माझा मामा शिपवर असतो, त्याने मला बाहेरून सेकंडहँड गार्मिन 296 आणून दिला, छोट्या विमानात पायलट लोक वापरतात तो हातात मावणारा जीपीएस. माझ्या पीसीवर एफएसएक्स आहे, मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा सिम्युलेटर. दाबोळीहून विमान उडवलं की ते या जीपीएसच्या मॅपवर पुढे सरकताना दिसलं पाहिजे, एवढंच पाहिजे मला. यूएसबीने जोडून बघितलं, पीसीला डिव्हाइस दिसतं, पण मॅपवर सारखं आमचं फोंड्याचं घरच. बिघडलाय का?
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : बिघडलेला नाही रे, तो आपलं काम इमानदारीनं करतोय. खिडकीत ठेवलास, वरचे सॅटेलाइट मिळाले, त्याने सांगितलं आपण फोंड्यात आहोत. तुझं विमान दाबोळीला आहे हे त्याला कळणार कुठून?

पहिलं म्हणजे ती यूएसबी विसर. ती मॅप आणि डेटाबेस अपडेट करायला आहे, सिम्युलेटरची पोझिशन त्यातून आत जात नाही. तुला लागेल ती सिरियल केबल, पॉवर आणि डेटा एकत्र असते ती. पीसीला आजकाल नऊ पिनांचा सिरियल पोर्ट नसतोच, म्हणून यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर घे आणि घेताना एफटीडीआय कंपनीच्या चिपवालाच माग, अगदी स्वस्तातले नकली चिपवाले नव्या विंडोजवर ड्रायव्हरलाच नाटकं करतात आणि मग माणूस दोन दिवस जीपीएसला शिव्या देत बसतो. डेटा एकाच दिशेने जायचाय, पीसीकडून जीपीएसकडे, त्यामुळे डेटासाठी दोनच वायरी लागतात : पीसीकडची 3 नंबरची पिन जीपीएसच्या डेटा इनला, आणि 5 नंबर म्हणजे ग्राउंड, ती ग्राउंडला. तयार केबल मिळाली तर हे सगळं आत जोडलेलंच असतं. उघड्या टोकांची मिळाली तर आधी मल्टिमीटर लावून बघ, त्यातल्या पॉवरच्या वायरी विमानाच्या बॅटरीसाठी असतात, त्या पीसीला चुकूनसुद्धा लावू नकोस.

कन्व्हर्टर चालतो की नाही हे जीपीएस न लावताच कळतं. 2 आणि 3 नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोड, पीसीवर टर्मिनल प्रोग्राम उघड, काहीतरी टाइप कर. टाइप केलेलं परत स्क्रीनवर उमटलं तर इथपर्यंत सगळं ठीक, आता ती तार काढ. आपल्याकडे पावसाळ्यात या पिनांवर जो हिरवा थर चढतो तोही आधी पुसून घे, निम्मे लोक तिथेच अडकतात.

आता खरी गोम. एफएसएक्स स्वतःहून सिरियल पोर्टवर काही पाठवत नाही, मध्ये एफएसयूआयपीसी नावाचं जोड-सॉफ्टवेअर लागतं, त्यात जीपीएसआउट नावाचा भाग आहे, तो सेकंदासेकंदाला विमानाची पोझिशन कॉम पोर्टवर, म्हणजे त्याच सिरियल पोर्टवर सोडतो. पण कुठल्या भाषेत सोडायची हे तू सांगायचं. लॅपटॉपवरच्या मॅप सॉफ्टवेअरला एनएमईए 0183 ही जीपीएसची नेहमीची भाषा चालते, 4800 स्पीडला, आरएमसी आणि जीजीए ही वाक्यं, म्हणजे पोझिशन सांगणाऱ्या ओळी. तुझ्या गार्मिनसाठी मात्र एव्ही400 ही विमानातली भाषा निवड, स्पीड 9600, आणि जीपीएसच्या इंटरफेस सेटिंगमध्ये एव्हिएशन इन. खऱ्या विमानात पॅनलमधला गार्मिन 430 सारखा जीपीएस हातातल्याशी याच भाषेत बोलतो, म्हणजे तुझा पीसी आता पॅनलमधल्या जीपीएसचं सोंग घेणार. फॉरमॅट आणि स्पीड दोन्हीकडे एकच नसेल तर कसलाही एरर येत नाही, नुसती शांतता, आणि लोकांना वाटतं केबल गेली.

शेवटचं, आणि तुझं फोंड्याचं घर हटत नाही ते यामुळेच : जीपीएस सिम्युलेटर मोडमध्ये टाक. त्याने सॅटेलाइट ऐकणं बंद होतं, नाहीतर वरून फोंडा आणि केबलमधून दाबोळी, तो वरचंच खरं मानणार. मग विमान दाबोळीच्या रनवेवर उभं कर आणि जीपीएसवर आकडे बघ, 15 अंश 22 मिनिटं उत्तर, 73 अंश 49 मिनिटं पूर्व, याच्या आसपास असलं की जमलं. एनएमईएची कच्ची ओळ बघितलीस तर तिथे 1522 आणि 07349 असं दिसेल, ते अंश आणि मिनिटं चिकटवून लिहिलेलं असतं, घाबरू नकोस. 120 नॉटला विमान सेकंदाला 60 मीटरच्या वर जातं, त्यामुळे मॅप झूम केलास की चित्र टुणूक टुणूक सरकेल, तो दोष नाही. आणि मामाने कधी तो जीपीएस परत मागितला तर सिम्युलेटर मोड बंद करूनच दे, होडीवर बसून खोटी पोझिशन बघायला नको.

प्रश्न : एवढा खटाटोप न करता टॅबलेटवर होत नाही का? माझ्याकडे एक्स-प्लेन 11 हा सिम्युलेटर आहे.
– एक वाचक, वास्को

उत्तर : होतं, आणि खरं सांगायचं तर जुना जीपीएस घरात पडलेला नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नका, टॅबलेटच बरा. एक्स-प्लेनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये मॅपवाल्या अॅपना पोझिशन पाठवायचा ऑप्शन आहे, तो चालू केला की ती वायफायवरून यूडीपी पोर्ट 49002 या नेटवर्कच्या वाटेने जाते आणि फोरफ्लाइटसारखं पायलटांचं मॅप अॅप ती उचलतं. पीसी आणि टॅबलेट एकाच राउटरवर पाहिजेत, गेस्ट नेटवर्कवर नकोत, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये एक्स-प्लेनला परवानगी द्या. पण खऱ्या जीपीएसची बटणं दाबत स्क्रीनची पानं उलटायची ती सवय टॅबलेटवर लागत नाही, पहिल्या वाचकाचा हट्ट मला त्यासाठी पटतो.

प्रश्न : आमच्या पेडण्यात एवढा मोठा एअरपोर्ट झाला आणि सिम्युलेटरमध्ये मोपाला नुसतं पठार दिसतं, जीपीएसमध्येही नाही!
– एक वाचक, पेडणे

उत्तर : एफएसएक्स 2006 चा, मोपाहून विमानं उडायला लागली 5 जानेवारी 2023 पासून. जुन्या जीपीएसचा डेटाबेसही त्याआधीचाच असणार. सिम्युलेटरमध्ये वेगळी सीनरी, म्हणजे मोपाचं दृश्य असलेली फाइल, टाकावी लागेल, आणि जीपीएसमध्ये अपडेट मिळत नसेल तर मोपाचा युजर वेपॉइंट, म्हणजे आपण स्वतः नोंदवलेलं ठिकाण, हाताने भरा. कोड व्हीओजीए द्या, व्हीओजीओ नको, तो दाबोळीचा.