नॉर्थ कॅरोलायनात औषध कंपन्या जातात त्या कमी करामुळे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची कंपनी जैविक औषधे, म्हणजे जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेली औषधे, बनवते, अमेरिकेत पहिला कारखाना काढायचा आहे आणि सल्लागारांनी नॉर्थ कॅरोलायनाचे नाव सुचवले आहे. तिथे एवढ्या कंपन्या जातात त्या कर कमी म्हणून, की आणखी काही कारण आहे? मी या राज्यातल्या जैविक औषधांच्या कारखान्यांत चौदा वर्षे व्हॅलिडेशनचे, म्हणजे यंत्रे आणि प्रक्रिया ठरल्याप्रमाणेच चालतात हे तपासून सिद्ध करण्याचे, काम करतो आहे, त्यामुळे जे जवळून पाहिले तेच सांगतो.

कराचे आधी उरकून टाकतो, कारण प्रत्येक सादरीकरणाची पहिली स्लाइड तीच असते. २०१३ साली इथे कंपनी आयकर ६.९ टक्के होता. तो उतरत उतरत २०१९ मध्ये २.५ टक्क्यांवर आला आणि २०२१ च्या कायद्यानुसार २०३० पर्यंत तो शून्यावर न्यायचा आहे. शिवाय ‘जॉब डेव्हलपमेंट इन्व्हेस्टमेंट ग्रँट’ आहे. त्यात तुम्ही नव्या कामगारांच्या पगारातून कापून राज्याला भरलेल्या कराचा काही भाग तुम्हाला परत मिळतो, पण कबूल केलेल्या नोकऱ्या आणि पगार प्रत्यक्षात दिसल्यावरच. म्हणजे हातात आधी पैसा येत नाही. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात पहिल्या दोन वर्षांत ही रक्कम कुणी जमेस धरली असेल तर ती आजच खोडा.

आता खरे कारण. ते माणसांचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी रात्रपाळीला होतो. पेशी वाढवायच्या एका मध्यम आकाराच्या टाकीतला माल पहाटे मोठ्या टाकीत सोडायचा होता. सगळे आकडे मर्यादेत होते, एकही अलार्म वाजलेला नव्हता. पाळीवरच्या ऑपरेटर बाईंनी मला बोलावून पडद्यावरची ऑक्सिजनच्या मागणीची रेषा दाखवली. म्हणाल्या, ‘ही रोजच्यापेक्षा लवकर चढते आहे, मला हे बरे दिसत नाही.’ आम्ही माल सोडायचे थांबवले आणि नमुना तपासायला दिला. त्यात जिवाणू निघाले. तो माल पुढे गेला असता तर मोठी टाकी, तिच्या नळ्या, फिल्टर आणि मागे रांगेत असलेल्या बॅचेस, सगळ्यांवर पाणी सोडावे लागले असते. त्या बाईंनी उमेदीची वर्षे कापड गिरणीत काढली होती. गिरणी बंद पडल्यावर त्या कम्युनिटी कॉलेजात (कामधंद्याचे शिक्षण देणारे स्थानिक सरकारी कॉलेज) काही आठवड्यांचा ‘बायोवर्क’ अभ्यासक्रम करून या धंद्यात आल्या. पदवी नव्हती. धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो, तो ऐकायची सवय मात्र होती.

आपल्या धंद्यात हेच महत्त्वाचे आहे. गोळीच्या कारखान्यात रसायन ठरल्यासारखे वागते. आपल्याकडे टाकीत जिवंत पेशी असतात आणि त्यांना शिफ्ट बदलली हे कळत नाही. स्टीलची टाकी पैसे मोजून कुठेही उभी करता येते. क्लीन रूमचा गाउन कसा चढवायचा, बॅच रेकॉर्ड (प्रत्येक बॅचची नोंदवही) त्याच क्षणी का भरायचे, डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या पद्धतीपेक्षा वेगळे काही घडले तर ते, लपवण्यापेक्षा कळवणे का भले, हे अंगी मुरलेले शेकडो लोक एका वर्षात मिळत नाहीत. ते नसतील तर एफडीएच्या (अमेरिकेचे औषध नियामक खाते) तपासणीत कारखाना अडकतो आणि बांधून तयार इमारत नुसती खर्च खात बसते.

असे लोक इथेच का सापडतात, याची मुळे जुनी आहेत. हे राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचर यांवर जगत होते. शिकलेली मुले बाहेर जात होती. म्हणून १९५९ मध्ये रॅले, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन गावांच्या मधल्या जागेत रिसर्च ट्रँगल पार्क उभे केले. तिन्ही गावांत एकेक विद्यापीठ: नॉर्थ कॅरोलायना स्टेट, ड्यूक आणि यूएनसी. १९७० मध्ये बरोज वेलकम कंपनी न्यूयॉर्ककडून इथे आली. एड्सवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध एझेडटी तिचेच, १९८७ चे, आणि पुढच्याच वर्षी तिच्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज या शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती, हे इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो. १९८२ मध्ये औषध चाचण्यांचे काम करणारी क्विंटाइल्स चॅपल हिलला सुरू झाली. तीच आजची आयक्यूव्हिया.

पण माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा निर्णय तंबाखूच्या पैशाचा होता. १९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेतल्या राज्यांशी मोठी तडजोड केली. त्यातून या राज्याला मिळणाऱ्या पैशाचा एक हिस्सा ‘गोल्डन लीफ फाउंडेशन’कडे गेला आणि त्यातून, इतर कामांबरोबर, जैविक औषधनिर्मितीच्या प्रशिक्षणाला कोट्यवधी डॉलर मिळाले. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात २००७ मध्ये ‘बीटेक’ उघडले (आपल्या पदवीशी याचा संबंध नाही, संस्थेचे लघुरूप आहे). तिथे विद्यार्थी खऱ्या टाक्या, औषध शुद्ध करायचे खरे क्रोमॅटोग्राफी स्तंभ आणि खऱ्या कारखान्यासारख्या शिस्तीत काम शिकतात. चूक करायची तर तिथे करा, रुग्णाच्या औषधात नको, ही त्यामागची कल्पना. राज्यातल्या ५८ कम्युनिटी कॉलेजांचे जाळे सोबत आहेच. तंबाखूच्या शेतीवर आणि गिरण्यांवर पोसलेल्या गावांतली माणसे आज इन्सुलिन आणि लशी बनवतात. मला याचे मनापासून अप्रूप आहे.

मग कंपन्या आल्या आणि एकीला बघून दुसरी आली. होली स्प्रिंग्ज नावाचे गाव घ्या. पेशींवर वाढवलेली फ्लूची लस बनवणारा अमेरिकेतला पहिला कारखाना तिथे नोव्हार्टिसने उभा केला. तो आता सेकिरसकडे आहे. त्याच गावात २०२१ मध्ये अॅमजेनने जागा निवडली आणि फुजीफिल्मने २०० कोटी डॉलरचा कारखाना जाहीर केला, २०२४ मध्ये त्यात आणखी १२० कोटींची भर घातली. शेजारच्या जॉन्स्टन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) क्लेटनला नोव्हो नॉर्डिस्कने २०२४ मध्ये ४१० कोटी डॉलरचा विस्तार जाहीर केला.

यातच तुमच्यासाठी धोका आहे आणि सल्लागार तो सांगणार नाहीत. या सगळ्यांना तीच माणसे हवी आहेत. तीन-चार वर्षे अनुभव झालेला ऑपरेटर रस्त्यापलीकडच्या कारखान्यात जातो, कारण त्याला घर विकायची गरज पडत नाही. माझ्याच एका टीममधून एका हिवाळ्यात पाच जण गेले आणि आमचे व्हॅलिडेशन तेवढ्यानेच महिनोन्महिने रखडले. तुम्ही नवे आणि नाव नसलेले, म्हणजे सुरुवातीला पगार चढाच द्यावा लागेल. दुसरी अडचण पाण्याची. आपला धंदा पाणी पितो आणि तेवढेच सांडपाणी सोडतो. वेगाने वाढणाऱ्या गावांत पाण्याची आणि मैल्याची वाढीव क्षमता कधी तयार होणार, हे जमिनीच्या भावाआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमचे औषध अजून प्रयोगशाळेत असते तर मी इथे या म्हटलेच नसते. नवे रेणू शोधणाऱ्या कंपनीला पैसा लावणारे गुंतवणूकदार हवेत आणि ते प्रामुख्याने बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास बसतात. मॅसॅच्युसेट्सने २००८ मध्ये या क्षेत्रासाठी दहा वर्षांत १०० कोटी डॉलरची योजना आखली होती, आणि बॉस्टनलगतच्या केंब्रिजमधल्या केंडल स्क्वेअरमध्ये जेवणाच्या रांगेतही तुम्हाला सहसंस्थापक भेटू शकतो. इथे भेटतो तो टाकी चालवणारा, दुरुस्त करणारा, तपासणारा. प्रक्रिया पक्की झाली आहे आणि आता दरवर्षी बॅचेस काढायच्या आहेत, अशा कंपनीसाठी हे राज्य आहे. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही त्या टप्प्यावर आहात असे वाटते.

पाहणीला याल तेव्हा जागा दाखवणारे तुम्हाला दिवसभर मोकळ्या जमिनींवर फिरवतील. त्यातला अर्धा दिवस काढून घ्या. सकाळी बीटेक बघा. दुपारी ज्या काउंटीत जमीन घेणार तिथल्या कम्युनिटी कॉलेजात जा आणि शिक्षकांना दोनच गोष्टी विचारा: येत्या वर्षी किती जण बायोवर्क पूर्ण करणार, आणि त्यातल्या किती जणांना नोकरी आधीच ठरली आहे. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ निघाला तर शेजारची काउंटी बघा, किंवा कारखाना सुरू व्हायच्या दोन वर्षे आधी त्याच कॉलेजाशी करार करून तुमची स्वतःची तुकडी बसवा.