वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या चिलखताचे रंगकाम

प्रश्न : ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलटॉप युद्धखेळातील व्हाइट स्कार्स दलाच्या सैनिकांच्या छोट्या मूर्ती मी रंगवीत आहे. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या पहिल्या थरावर) पांढरा रंग पातळ करून लावला की खालचा काळा दिसत राहतो. जाड लावला की चिलखतावरचे बारीक तपशील बुजतात आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. सध्याच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसूनच काम करावे लागते. दोष रंगाच्या बाटलीत आहे की माझ्या हातात?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बाटली आणि हात दोन्ही निर्दोष असावेत, अडचण काळ्या प्रायमरपासून सुरू झाली आहे. काळे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्यामुळे त्याचा पातळ थरही पुरतो. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मात्र प्रकाश विखरून परत पाठवतात, आणि त्यांच्यामधून निसटलेला जो प्रकाश खालच्या काळ्या थरापर्यंत पोहोचतो तो तिथेच संपतो. म्हणून थर पातळ असेपर्यंत पांढरा मळकट आणि डागाळलेला दिसणारच. भुरभुरीतपणाची कारणे निराळी आहेत. रंगात पाणी फार झाले की रंगद्रव्याला धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो, आणि अर्धवट सुकलेल्या थरावरून ब्रश पुन्हा फिरला की तो थर उखडतो. रंग पातळ करताना पाण्याबरोबर थोडे ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला बाइंडर, वापरावे आणि प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा.

माझे ठाम मत असे आहे की शुद्ध पांढरा रंग सैनिकाच्या अंगावर फार थोड्या जागी असावा. सगळे चिलखत आधीच शुद्ध पांढरे केले, तर उजळ कडा दाखवायला हातात काहीच उरत नाही आणि आकाराचा उठाव नाहीसा होतो. फिक्या करड्या प्रायमरवर सिटाडेल या कंपनीच्या सेलेस्ट्रा ग्रे रंगाचे दोन पातळ थर द्यावेत, मग खाचा सोडून उरलेल्या भागावर अल्थुआन ग्रे चढवावा, आणि व्हाइट स्कार हा शुद्ध पांढरा रंग खांद्याच्या वरच्या वळणावर, गुडघ्यावर आणि कडांवरच ठेवावा. दुसऱ्या कंपनीचे रंग असतील तर नावे बदलतील, करड्याकडून पांढऱ्याकडे जाणारा क्रम तोच राहील.

यावर विश्वास बसत नसेल तर एखाद्या सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन तेथील शुभ्र घुमटाकडे नीट पाहावे. घुमट पांढरा आहे हे मनाला ठाऊक असते, परंतु ऊन थेट पडते तो भाग सोडला तर उरलेली वळणे करडी दिसतात, आणि सावलीच्या बाजूला आकाशाची निळसर झाक उतरलेली असते. हातात कोरा कागद उन्हात धरून तुलना केली की हा फरक लगेच ध्यानात येतो. लहान आकाराच्या मूर्तीवर खोलीतल्या दिव्याने इतका फरक पडत नाही; तो आपल्यालाच रंगाने घडवावा लागतो.

त्यामुळे सावलीचा रंगही विचारपूर्वक निवडावा. निळसर करडी सावली पांढऱ्याला थंड करते, तपकिरी सावली उबदार करते. एका दलासाठी एकच निवड करून ती शेवटपर्यंत पाळावी. काळा वॉश, म्हणजे खाचांमध्ये उतरून सावली दाखवणारा अतिपातळ रंग, सर्वांगावर ओतणे मात्र टाळावे, कारण तो सपाट भागांवर सुकताना कडेला डाग सोडतो. आधी ग्लॉस वॉर्निशचा थर देऊन तो पूर्ण सुकल्यावर, पातळ केलेला वॉश बारीक ब्रशच्या टोकाने केवळ सांध्यांमध्ये सोडावा. गुळगुळीत पृष्ठभागामुळे तो खाचेतून आपोआप पुढे सरकतो, आणि बाहेर आलेला भाग ओलसर ब्रशने लगेच टिपता येतो. या दलाच्या लाल किनारी पांढरे काम संपल्यावरच रंगवाव्यात. लाल बाहेर गेलाच तर त्यावर थेट पांढरा न लावता आधी करडा लावून डाग झाका. हे योद्धे मोकळ्या मैदानांवर वेगाने दौडणारे असल्याने पायांवर स्पंजने थोडी मातकट धूळ दिली तर ती शोभते, शिवाय तिच्या शेजारी वरचे पांढरे अधिक उजळ वाटते.

आता कूलरविषयी. त्याचा झोत ब्रशवर आला की रंग टोकावरच आळतो, म्हणून झोताच्या आड बसावे आणि वेट पॅलेट वापरावे. पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद एवढ्यावर ते घरीच तयार होते. मेण लावलेला कागद चालत नाही, कारण त्यातून ओल वर येत नाही. स्प्रे प्रायमरचे काम मे महिन्यात सकाळी लवकर उरकावे. पारा पंचेचाळिशीकडे गेला की फवाऱ्याचे थेंब वाटेतच सुकतात आणि मूर्तीवर वाळूसारखा खरखरीत थर बसतो, आणि पांढऱ्या रंगाखाली असा खरखरीतपणा सर्वांत जास्त उठून दिसतो.

प्रश्न : अपोथेकरी व्हाइट हा कॉन्ट्रास्ट प्रकारचा रंग वापरून वेळ वाचेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : झगे, फर आणि चुण्या असलेल्या कापडावर निश्चित वाचेल, कारण तो खोलगट भागात साचून सावली आपोआप तयार करतो. सपाट चिलखतावर तोच साचलेला रंग डागासारखा दिसतो. तेथे थरांची पद्धतच बरी.

प्रश्न : पांढऱ्या मूर्तींवर वॉर्निश लावल्यानंतर काही महिन्यांनी पिवळेपणा येतो. उपाय काय?
— एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : लाकडी सामानासाठीचे तेलयुक्त वॉर्निश काळानुरूप पिवळे पडते आणि पांढऱ्यावर ते लपत नाही. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक मॅट वॉर्निश घ्यावे, बाटली चांगली हलवावी आणि दोन पातळ थर द्यावेत. मॅट वॉर्निश जाड लागले तर खाचांमध्ये पांढुरका धुरकटपणा येतो व आपण घातलेली सावली फिकी पडते, म्हणून साचलेले थेंब ब्रशने तत्काळ टिपून घ्यावेत. आधीच पिवळ्या पडलेल्या मूर्तींवर अल्थुआन ग्रेपासून पुढचे थर पुन्हा देणे, हाच मला व्यवहार्य मार्ग वाटतो.